लाईट येते-जाते तेव्हा यंत्र आपली ओळख का विसरतं?

जुलैतला पाऊस, पहाटेचे साडेपाच, करवीर तालुक्यातल्या एका गावची दूध संस्था. दारात किटल्या आणि कॅन घेऊन रांग लागलेली, आणि आत काट्याशेजारच्या, दूध आणि फॅट नोंदवणाऱ्या यंत्राच्या डब्याचा पडदा सांगतोय, ‘सर्व्हर सापडला नाही’. रात्रभर वारा होता, लाईट सारखी येत-जात होती. सचिवांनी डबा बंद करून चालू केला, पुन्हा केला, शेवटी वही काढली. त्या दिवशीचं दूध आणि फॅट हातानं लिहिलं गेलं. तीन दिवसांनी तो डबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर होता आणि सचिव समोरच्या स्टुलावर.

“सर, मला एकच सांगा. लाईट गेली की घड्याळ थांबतं, ते कळतंय. पण हे इसरतंय कसं? आमची वही कधी लाईट गेली म्हणून कोरी हुत न्हाई.”

प्रश्न अगदी नेमका होता. घरचा राउटर अचानक नवा असल्यासारखा वागायला लागतो, सीसीटीव्हीचा डबा तारीख आणि नाव सोडून बसतो, फौंड्रीतल्या भट्टीचं तापमान नोंदवणारं यंत्र ऑफिसच्या संगणकाला सापडेनासं होतं. दर वेळी एकच उत्तर मिळतं, ‘व्होल्टेजमुळं उडालं’. ते उत्तर अपुरं आहे, आणि त्या अपुरेपणामुळं लोक स्टॅबिलायझरवर पैसे घालतात आणि दुखणं तसंच राहतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहाटे किल्ली कुणाकडं?

अशा प्रत्येक डब्यात एक हिरवा बोर्ड असतो. त्यावर प्रोसेसर, काम चालू असताना लागणारी रॅम, आणि वीज गेली तरी मजकूर टिकवणारी फ्लॅश मेमरी. लाईट येते तेव्हा रॅम पूर्ण रिकामी असते. प्रोसेसरला आपण दुधाचा डबा आहोत की राउटर, हेही ठाऊक नसतं. त्याला जागं करून कामाला लावणारा जो पहिला छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बूटलोडर म्हणतात.

संस्थेत पहाटे सगळ्यात आधी येऊन कुलूप काढणारा एक माणूस असतो. दिवे लावायचे, काटा शून्यावर आणायचा, फॅट मशीन सुरू करायचं, मग सचिव येतात आणि खरं काम चालू होतं. बूटलोडर म्हणजे हा किल्लीवाला. सचिव आले की, म्हणजे लिनक्ससारखी मुख्य प्रणाली सुरू झाली की, त्याचं काम संपलं.

जगभर खूप वापरला जाणारा असा एक बूटलोडर म्हणजे यू-बूट. जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांचा हा प्रकल्प आधी फक्त पॉवरपीसी प्रोसेसरसाठी होता; २००२ मध्ये त्याला हे नाव मिळालं. जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी. त्याचा कोड खुला आहे आणि जीपीएल परवान्याखाली येतो, म्हणजे यू-बूट घातलेलं यंत्र विकणाऱ्या कंपनीनं ग्राहकाला तो कोड मागितल्यावर द्यावा लागतो. हे पुढं कामाला येणार आहे.

आता किल्लीवाल्याला रोज काय करायचं, हे कुणीतरी सांगायला हवं. एकच किल्लीवाला पन्नास गावांतल्या संस्थांना पुरवला तर गावागणिक सूचना बदलणार. म्हणून भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. यू-बूटमध्ये या चिठ्ठीला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. मी तिला चिठ्ठीच म्हणतो. तिच्यात अगदी साध्या ओळी असतात: डावीकडं नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडं किंमत. ‘बूटडिले’ म्हणजे किती सेकंद थांबायचं. ‘बूटसीएमडी’ म्हणजे थांबून झाल्यावर कोणते हुकूम चालवायचे. ‘बूटआर्ग्ज’ म्हणजे मुख्य प्रणालीला जाता जाता काय सांगायचं. ‘ईथॲडर’ म्हणजे या बोर्डाचा मॅक ॲड्रेस, नेटवर्कवरची त्याची जन्मजात ओळख. काही कंपन्या या चिठ्ठीत स्वतःच्या कामाच्या गोष्टीही घालतात, जसा या डब्यात संस्थेचा कोड आणि सर्व्हरचा पत्ता होता.

सचिवांची वही कोरी होत नाही, मग ही चिठ्ठी का होते? त्यासाठी चिठ्ठी ज्या कागदावर लिहितात तो कागद कसला आहे ते बघू.

पंच मारलेलं तिकीट

फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिच्यातला मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, ते बघून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. नावातच तिचा स्वभाव आहे. फ्लॅश पुसायची तर झटक्यात आणि मोठ्या तुकड्यात. एक-एक अक्षर खोडता येत नाही.

एसटीतली जुनी तिकिटं आठवा. कंडक्टर हातातला पंच वाजवत यायचा आणि छापील तिकिटाला छिद्र पाडून द्यायचा. छिद्र पाडणं सोपं, पण पडलेलं छिद्र बुजवता येत नाही. चूक झाली तर नवं तिकीट. फ्लॅशचं अगदी असंच आहे. कोऱ्या फ्लॅशमध्ये सगळे बिट, म्हणजे ० किंवा १ ठेवायची घरं, १ असतात. लिहिणं म्हणजे हवे तिथले १ पाडून ० करणं. ० चा पुन्हा १ करायचा असेल तर त्या एका बिटापुरतं काही करता येत नाही. ज्या तुकड्यात तो बिट आहे तो अख्खा तुकडा पुसून कोरा करावा लागतो. या तुकड्याला ब्लॉक म्हणू. नॉर जातीच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये ब्लॉक ४ केबीचा किंवा ६४ केबीचा असतो (आठ बिटांचा एक बाइट, सुमारे हजार बाइटांचा एक केबी). नँड जातीच्या फ्लॅशमध्ये त्याहून मोठा असतो.

म्हणून चिठ्ठीतला एक आकडा बदलायचा, समजा बूटडिले ३ चा २ करायचा, तरी यू-बूट काय करतं पाहा. रॅममध्ये चिठ्ठीची दुरुस्त प्रत तयार ठेवतं. फ्लॅशमधला जुन्या चिठ्ठीचा ब्लॉक पुसतं. मग नवी चिठ्ठी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत तिथं लिहितं.

पुसून झालं आहे आणि लिहून व्हायचं आहे, या मधल्या वेळात चिठ्ठी फक्त रॅममध्ये असते. आणि रॅमला लाईट लागते.

६४ केबीचा ब्लॉक पुसायला साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात, चिप जुनी असेल तर कितीतरी जास्त. लिहायला आणखी तसाच वेळ. मिळून अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरची ही खिडकी. लाईट गेल्यानं फ्लॅश काहीही विसरत नाही, दहा वर्षं कपाटात ठेवली तरी नाही. ती विसरते ती नेमक्या या खिडकीत लाईट गेली तरच. सचिवांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे वही फाडून नवी लिहिताना कुणीतरी दिवा विझवला.” यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

चिठ्ठी खरी की खराब, हे किल्लीवाल्याला कसं कळतं?

शाळेत गुणाकार केल्यावर नऊचा ताळा करून पाहायचो. अंकांची बेरीज घ्यायची, नऊ टाकायचे, दोन्हीकडची बाकी जुळली तर उत्तर बहुधा बरोबर. यू-बूट चिठ्ठीचा असाच ताळा ठेवतं. चिठ्ठीच्या जागेतले पहिले चार बाइट ताळ्याचे, त्यापुढं मजकूर. या ताळ्याला सीआरसी म्हणतात. सगळा मजकूर म्हणजे एक लांबलचक आकडा आहे असं मानायचं, ठरलेल्या एका भाजकानं खास पद्धतीनं भागायचं आणि उरलेली बाकी टिपून ठेवायची. ही कल्पना वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडली.

नऊच्या ताळ्याला एक मोठी खोट आहे. ६३ लिटरच्या जागी ३६ लिटर लिहिलं तरी तो जुळतो, कारण अंकांची बेरीज तीच. सीआरसीला अशी अदलाबदल कळते. ही बाकी ३२ बिटांची असल्यानं तिच्या सुमारे ४२९ कोटी वेगवेगळ्या किमती होऊ शकतात. अर्धवट लिहिलेली चिठ्ठी योगायोगानं खरी ठरेल, ही भीती सोडून द्यावी इतकी ती क्वचित.

लाईट आल्यावर यू-बूट चिठ्ठी वाचतं, ताळा नव्यानं काढतं आणि टिपलेल्या ताळ्याशी ताडून बघतं. जुळला नाही तर चिठ्ठीतल्या एकाही ओळीवर विश्वास ठेवत नाही. ही कडकपणाची पद्धत मला पटते. अर्ध्या खऱ्या चिठ्ठीवर चाललेला किल्लीवाला भलतंच कुलूप उघडेल.

मग तो काय करतो? बूटलोडर तयार करतानाच त्याच्या कोडमध्ये एक मूळ चिठ्ठी घातलेली असते, कारखान्यातली. ती तोंडपाठ असल्यासारखी. फ्लॅशमधली चिठ्ठी खराब निघाली की ही वापरायची. त्यामुळं यंत्र मरत नाही, उठून उभं राहतं. फक्त त्याला आपलं गाव आठवत नाही.

अशी आठवणीवर न विसंबणारी एक वाट ठेवणं किती मोलाचं असतं, याचं मोठं उदाहरण मंगळावर घडलं. जानेवारी २००४ मध्ये नासाची स्पिरिट ही गाडी तिथं उतरल्यानंतर काही दिवसांतच पुन्हा पुन्हा बंद-चालू व्हायला लागली. कारण फ्लॅशमधल्या फाइलींच्या व्यवस्थेत होतं. अभियंत्यांनी पृथ्वीवरून तिला फ्लॅशला हात न लावता सुरू होण्याचा हुकूम दिला, आणि गाडी ताळ्यावर आली. तो दोष बूटलोडरच्या चिठ्ठीचा नव्हता, पण सुटका याच जातीची होती.

डब्याच्या पोटात काय निघालं

बोर्डाच्या कडेला तीन पिना असतात, त्यांना वायरी जोडून संगणकावर बूटलोडरचं बोलणं वाचता येतं. डबा चालू केला. यू-बूटचं नाव आलं, रॅम किती ते आलं, आणि मग ती ओळ: ‘वॉर्निंग, बॅड सीआरसी, युझिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट’. ताळा जुळत नाही, मूळ चिठ्ठी वापरतोय.

चिठ्ठी कशी खराब झाली ते पाहायचं होतं, म्हणून बोर्ड बंद करून फ्लॅश चिपच्या आठ पायांवर चिमटा बसवला आणि सगळा मजकूर वाचून घेतला. बूटलोडर शाबूत. मुख्य प्रणाली शाबूत. चिठ्ठीच्या जागी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ. आठही बिट १ असलेला बाइट असा दिसतो. म्हणजे पुसलेला, छिद्र न पडलेला कोरा कागद. व्होल्टेजनं चिप बिघडली असती तर इतकी स्वच्छ कोरी दिसली नसती. लिहिताना मध्येच लाईट गेली असती तर वरच्या भागात मजकूर आणि खाली एफएफ दिसलं असतं. इथं पुसणं पूर्ण झालं होतं आणि लिहिणं सुरूच झालं नव्हतं.

पण रात्री दोन वाजता त्या डब्याची चिठ्ठी कोण बदलत होतं? संस्थेला तर कुलूप होतं.

शेजारच्या गावातून त्याच कंपनीचा चालू डबा एका दुपारसाठी मागवला आणि त्याची चिठ्ठी छापून पाहिली. बूटसीएमडीच्या ओळीत उत्तर होतं. दर वेळी सुरू होताना एक आकडा एकानं वाढवायचा आणि चिठ्ठी जतन करायची. हा आकडा कशासाठी, तर नवीन सॉफ्टवेअर घातल्यावर यंत्र सलग तीनदा नीट उठलं नाही तर जुन्या सॉफ्टवेअरवर परत जायचं म्हणून. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळं लाईट आली की प्रत्येक वेळी, पहिल्या दोन-तीन सेकंदांतच, चिठ्ठी पुसून नव्यानं लिहिली जात होती. आणि आपल्याकडं वाऱ्यापावसात लाईट येते ती कशी? येते, दोन सेकंद टिकते, जाते, पुन्हा येते. वर्षभरात लाईट जाण्याची सगळ्यात जास्त शक्यता ज्या क्षणी असते, नेमक्या त्याच क्षणी हा डबा आपली वही फाडून नवी लिहीत बसायचा.

हा दोष वीज मंडळाचा नाही आणि चिपचाही नाही. हा लिहिणाऱ्याच्या सवयीचा दोष आहे. यू-बूटमध्ये हाच आकडा फक्त नवीन सॉफ्टवेअर घातल्यानंतरच जतन करण्याची सोय आहे. एरवी त्याला हात लावायचा नाही. ती सोय वापरली असती तर त्या रात्री काहीच लिहिलं गेलं नसतं.

दोन चिठ्ठ्या ठेवल्या तर?

हाच नेहमीचा उपाय, आणि माझ्या मते शेतात, गावात, कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात तो असायलाच हवा. फ्लॅशमध्ये दोन वेगळे ब्लॉक राखून ठेवायचे. चिठ्ठी बदलायची झाली तर चालू प्रतीला हात न लावता दुसऱ्या, जुनाट झालेल्या प्रतीचा ब्लॉक पुसायचा आणि नवी चिठ्ठी तिथं लिहायची. त्यात लाईट गेली तर जास्तीत जास्त नवी प्रत अर्धवट राहील. तिचा ताळा जुळणार नाही आणि यू-बूट गुपचूप पहिली प्रत वापरेल. कालची सूचना मिळेल, पण खरी मिळेल.

दोन्हींचा ताळा जुळला तर खरी कोणती? त्यासाठी ताळ्याच्या चार बाइटांनंतर एक बाइट खुणेचा असतो. इथं पंचाच्या तिकिटाचा स्वभाव फार सुंदर वापरलाय. चालू प्रतीची खूण १, जुनी झालेल्या प्रतीची ०. नवी प्रत पूर्ण लिहून झाली की जुन्या प्रतीच्या खुणेवर एक छिद्र पाडायचं, १ चा ० करायचा. त्याला ब्लॉक पुसावा लागत नाही. आणि ताळा फक्त मजकुराचा काढलेला असतो, खुणेचा नाही, त्यामुळं छिद्र पाडूनही जुन्या प्रतीचा ताळा जुळतच राहतो. वेळ पडली तर तीही वापरता येते. छिद्र पाडायच्या आधीच लाईट गेली तर दोन्ही चिठ्ठ्या चालू दिसतील, पण दोन्ही पूर्ण असल्यानं कोणतीही उचलली तरी यंत्र चालतं. नँड फ्लॅश आणि मेमरी कार्डावर लिहिलेल्यावर पुन्हा छिद्र पाडता येत नाही, म्हणून तिथं खुणेच्या जागी वाढता क्रमांक ठेवतात.

“बॅटरी लावली की झालं ना?”

लावा, जरूर लावा. पण तिच्यावर विसंबू नका. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि उतरल्याचं कळतं तेव्हा लाईट गेलेली असते. शिवाय माणूस मागची वायर ओढतो, पिन सैल असते, साफसफाईत बटण बंद होतं. दुसरी प्रत ठेवायला त्या चिपमधला एक रिकामा ब्लॉक लागतो, म्हणजे जवळपास काहीच खर्च नाही.

“चिठ्ठी ठेवताच कशाला? सगळं कायमचं कोरून टाका.”

काही यंत्रांसाठी हे अगदी बरोबर आहे, आणि यू-बूटमध्ये चिठ्ठी कुठेच साठवायची नाही असाही पर्याय आहे. सगळ्या डब्यांना एकच सूचना पुरत असेल तर मी तोच घेईन. अडचण येते ती डब्याडब्याला वेगळ्या असणाऱ्या गोष्टींची.

आणि त्यांतही दोन जाती आहेत. त्या एकत्र ठेवणं, हीच या डब्यातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. मॅक ॲड्रेस म्हणजे बोर्डाचा जन्मदाखला, तो आयुष्यात बदलत नाही. बूटडिले किंवा सुरू होण्याचा आकडा म्हणजे फळ्यावर खडूनं लिहिलेली आजची सूचना. जन्मदाखला फळ्यावर लिहिला तर फळा पुसताना तोही जाणार. चिठ्ठी गेल्यावर या डब्याला मॅक ॲड्रेस सापडला नाही, तेव्हा त्यानं स्वतःच दर वेळी एक नवा आकडा बनवला, आणि संस्थेच्या राउटरनं अनोळखी म्हणून त्याला बाहेर ठेवलं. सर्व्हरचा पत्ताही कारखान्यातल्या नमुन्याचा आला. कायमच्या ओळखीसाठी वीज गेली तरी मजकूर टिकवणारी वेगळी छोटी ईईप्रॉम चिप, प्रोसेसरमधली एकदाच लिहिता येणारी जागा, किंवा कधीच न पुसायचा असा वेगळा ब्लॉक ठेवावा.

“फ्लॅश झिजते म्हणे?”

झिजते. नॉर फ्लॅशचा एक ब्लॉक साधारण एक लाख वेळा पुसता येतो असं चिपच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. दिवसाला दहा वेळा यंत्र सुरू झालं आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी लिहिली तर वर्षाला ३,६५० वेळा, म्हणजे सत्तावीस वर्षं पुरेल. तिथं झिजेची काळजी नको. पण मुख्य प्रणाली चालू असतानाही चिठ्ठी बदलता येते, आणि कुणी दर मिनिटाला काही ना काही तिच्यात जतन करायला लागलं तर दिवसाला १,४४० वेळा. मग ते लाखभर वेळा सत्तर दिवसांतच संपतात. रोजच्या नोंदी चिठ्ठीत लिहू नयेत, त्याचं हे दुसरं कारण.

“ताळा जुळला म्हणजे चिठ्ठीत कुणी ढवळाढवळ केली नाही ना?”

इथं फार लोक फसतात. ताळा चुकून झालेली खराबी पकडतो, मुद्दाम केलेली नाही. ताळा कसा काढायचा हे जगजाहीर आहे; चिठ्ठी बदलणारा नवा ताळाही लिहून ठेवतो. बूटआर्ग्जच्या ओळीत थोडी भर घालून लिनक्सला पासवर्ड न विचारता थेट आत घेऊन जाता येतं. दुधाच्या डब्यापुरती ही गोष्ट कदाचित लहान वाटेल, पण दर दहा दिवसांचं बिल ज्या आकड्यांवर निघतं ते याच डब्यातून जातात. जिथं पैशाचा हिशोब आहे तिथं मोजक्या ओळी सोडून बाकी चिठ्ठी बदलू न देण्याची सोय लावावी, आणि पुढं येणारी प्रणाली डिजिटल सही तपासूनच सुरू करावी.

शेजारी कोण राहतं, तेही बघावं

चिठ्ठी छोटी आणि ब्लॉक मोठा असला तर जागा वाचवायला काही जण चिठ्ठी आणि खुद्द बूटलोडर एकाच ब्लॉकमध्ये बसवतात. मग चिठ्ठी बदलताना बूटलोडरही पुसला जातो आणि परत लिहिला जातो. त्या खिडकीत लाईट गेली तर किल्लीवालाच नाहीसा. मूळ चिठ्ठीही त्याच्याच बरोबर गेली. असा बोर्ड मग कितीही वेळा चालू करा, पडदा काळाच. चिमटा लावून चिप नव्यानं भरल्याशिवाय उठत नाही. सुदैवानं या डब्यात तसं नव्हतं.

दुसरी खोडी मापाची. ताळा फक्त लिहिलेल्या ओळींचा नसतो, चिठ्ठीसाठी राखलेल्या सगळ्या जागेचा असतो, रिकाम्या भागासकट. जुन्या सॉफ्टवेअरनं ती जागा १६ केबी धरली आणि नव्यानं ६४ केबी, तर मजकुराचा कानामात्रा न बदलताही ताळा चुकतो. एका प्रतीवरून दोन प्रतींवर गेलं तरी तेच, कारण खुणेच्या एका बाइटानं सगळा मजकूर एक घर पुढं सरकतो. एकाही बोर्डाची लाईट न जाता, सॉफ्टवेअर अपडेटनंतर सगळ्या गावांतले डबे एकाच दिवशी ओळख विसरतात, ते बहुधा यामुळं. असा बदल करायचा तर आधी जुनी चिठ्ठी वाचून घ्यायची आणि नव्या मापात लिहून द्यायची.

टेबलावरची दुरुस्ती

कंपनीकडं यू-बूटचा कोड मागितला. दोन पत्रं गेल्यावर आला. चिठ्ठीच्या शेजारचा ब्लॉक रिकामा होता, तिथं दुसरी प्रत बसवली. आकडा जतन करणं फक्त नवीन सॉफ्टवेअरच्या वेळेपुरतं ठेवलं. मॅक ॲड्रेस बोर्डाच्या मागच्या स्टिकरवरून उतरवून, न वापरता पडून असलेल्या छोट्या ईईप्रॉममध्ये घातला.

मग लाईट तोडायची. एक रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, जोडून डबा चालू केल्यावर कधी अर्ध्या सेकंदानं, कधी सव्वा, कधी अडीच सेकंदांनी वीज तोडत राहिलो, आणि मुद्दाम दर वेळी चिठ्ठी जतन करायला लावली. जुन्या पद्धतीनं ठेवलेला डबा अर्ध्या तासाच्या आत कोरा झाला. नव्या पद्धतीचा रात्रभर चालवला. सकाळी चिमटा लावून पाहिलं तर एक प्रत अर्धवट होती, वर मजकूर आणि खाली एफएफ, आणि दुसरी पूर्ण, ताळा जुळलेली.

सचिव डबा न्यायला आले तेव्हा मी बटण त्यांच्याकडंच दिलं. त्यांनी ते पटापट दाबलं, बंद, चालू, बंद, चालू, वाऱ्यातल्या लाईटीसारखं. चौदा वेळा मोजले. दर वेळी पडद्यावर त्यांच्या गावाचं नाव आलं. मग डबा पोत्यात गुंडाळून त्यांनी गाडीच्या पुढच्या बाजूला पायांजवळ ठेवला आणि निघाले. संध्याकाळच्या दुधाच्या आधी पोचायचं होतं.